एक प्रबंध, दोन विद्यापीठें

भागवताच्या एकादश स्कंधांतील अवधूतानें चोवीस गुरू केले ही कथा आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेली असते. पृथ्वी, वायु, आकाश येथपासून तों मधमाशी, कोळी आणि पिंगला यांच्यापर्यंत, ज्याच्यापाशीं जें शिकण्यासारखें दिसलें तें त्यानें घेतलें व तो पुढें चालता झाला. त्या चोविसांपैकीं एकानेंही त्याच्याजवळ दुसऱ्या गुरूचें संमतिपत्र मागितलें नाहीं, कीं शुल्क भरल्याची पावती पाहिली नाहीं. मला गुरू दोनच होते. परंतु त्या दोघांची शिष्या म्हणून माझें नांव एकाच वेळीं दोन देशांच्या दप्तरीं दाखल व्हावें यासाठीं जो करारनामा झाला, त्यावरच्या सह्या मिळवितां मिळवितां अकरा महिने गेले. आणि त्या अवधींत अवधूताचा हेवा वाटावा असे प्रसंग मजवर अनेकदां आले.

प्रकार थोडक्यांत असा. विद्यार्थी एक, प्रबंध एक, मौखिक परीक्षाही एकच. मात्र विद्यापीठें दोन, तीं दोन निरनिराळ्या देशांतलीं, आणि प्रत्येक ठिकाणीं एक मार्गदर्शक. परीक्षेंत उतरल्यावर डॉक्टरची पदवी दोन्ही विद्यापीठें मिळून देतात. फ्रेंच भाषेंत या व्यवस्थेला ‘कोत्युतेल’ म्हणतात. ‘त्युतेल’ हा मूळचा कायद्यांतला शब्द. अज्ञान मुलाच्या पालकत्वाला तो लावितात. तेव्हां ‘कोत्युतेल’ म्हणजे दोन पालकांनीं मिळून केलेलें एका अज्ञानाचें पालकत्व! वयाची तिशी जवळ आल्यावर आपण कायद्याच्या भाषेंत पुन्हां अज्ञान ठरलों हें कळून मला थोडें हसूं आलें. पुढें अनुभव येत गेला तसतसा शब्द अगदींच चुकीचा नाहीं असें वाटूं लागलें. फ्रान्सनें १९९४ च्या जानेवारींत सरकारी आदेश काढून ही पद्धति रूढ केली, व २००५ आणि २०१६ या सालीं तिचे नियम पुन्हां घडविले.

दोन देशांत जाऊन दोन पदव्या मिळविणें हें आपल्याकडे नवें नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. १९१६ मध्यें ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ मध्यें त्यांस अभ्यास अर्धा टाकून परत यावें लागलें, आणि १९२० मध्यें ते पुन्हां लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल लंडनची डी. एस्सी. त्यांना १९२३ मध्यें मिळाली, आणि ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंध ग्रंथरूपानें निघाल्यावर कोलंबियाची पीएच्. डी. १९२७ मध्यें. म्हणजे डोंगर दोन, आणि चढणारा एकटा. एकच डोंगर दोन बाजूंनीं चढणाऱ्यानें त्यांच्यापुढें कष्टांची बढाई मारूं नये हें योग्यच आहे. तथापि या दुसऱ्या चढणींतली अडचण निराळ्या जातीची आहे. दोन प्रबंध लिहिणारास एका परीक्षकाशीं एक भाषा व दुसऱ्याशीं दुसरी भाषा बोलतां येते. संयुक्त पदवीच्या उमेदवाराला तेंच पान, तेंच वाक्य, तीच टीप दोघांपुढें ठेवावी लागते, आणि त्या दोघांची ‘सिद्ध झालें’ म्हणण्याची रीत एक नसते.

मला हा खटाटोप करावासा कां वाटला तें सांगितलें पाहिजे, नाहींतर केवळ दोन मोहोरांच्या हौसेनें मी युरोपभर हिंडलें असें वाचकांस वाटावयाचें. माझा विषय ओवीचा. मराठींत ओवी म्हणून जी गाइली जाते तिच्या दोन मोठ्या परंपरा आहेत. एक बायकांची जात्यावरची: पहांटे दळतांना, घरांत, एकटीनें अथवा समोरासमोर बसून दोघींनीं म्हणावयाची. दुसरी धनगरांची: रात्रीं बिरोबाच्या देवळापुढें सुंबरान मांडून पुरुषांनीं मेळानें गावयाची, जिच्यांत देवाची लांबलचक कथा येते. पहिलीचा सर्वांत मोठा संग्रह गी प्वातवँ या मूळच्या फ्रेंच गृहस्थांनीं व हेमा राईरकर यांनीं पुण्यांत राहून गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत खेडोपाडीं कार्यकर्त्या बायकांच्या साहाय्यानें जमविला. त्यांत एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. दुसरीचा माग गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडितानें काढला. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेंत ते शिकवीत, आणि वर्षानुवर्षें महाराष्ट्रांत येऊन धनगरांबरोबर राहात. बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्यें निघाला, आणि १९९२ मध्यें ते निवर्तले. या दोन्ही परंपरांस मराठी माणूस एकाच नांवानें कां हांक मारतो, हा माझा प्रश्न. पहिलीच्या अभ्यासकांची पिढी पॅरिसला, दुसरीची जर्मनींत. शिष्येनें दोन्ही दारांत उभें राहाणें एवढाच मार्ग उरला होता.

माझ्या दोन विद्यापीठांचीं नांवें मी येथें देत नाहीं. कचेऱ्यांच्या कागाळ्या सांगावयाच्या आणि नांवेंही द्यावयाचीं हें बरें नव्हे. शिवाय माझ्या ओळखीच्या इतर उमेदवारांचे अनुभव पाहातां हीं दोन कचेऱ्यांचीं नव्हत, सर्वच कचेऱ्यांचीं लक्षणें असावींत. करारनाम्यांत काय नसतें? शुल्क कोठें भरावयाचें (माझ्या वेळीं फ्रान्समध्यें तें वर्षाला ३८० युरो होतें), आजारी पडल्यास कोणत्या देशाचा विमा, कोणत्या सहामाहींत मुक्काम कोठें, प्रबंध कोणत्या भाषेंत, सारांश कोणत्या भाषेंत, परीक्षक किती व कोणाकडचे. एका बाजूची सही होऊन कागद दुसरीकडे गेला कीं तेथल्या कायदेपंडितास एखादा शब्द खटकावा, तो बदलला कीं पहिल्यानें पुन्हां पहिल्या पानापासून वाचावें. या दोन देशांमध्यें अशा विद्यार्थ्यांना प्रवासखर्च देणारें एक फ्रँको-जर्मन विद्यापीठ आहे. १९९७ च्या वायमारच्या करारानें तें अस्तित्वांत आलें. त्याची कचेरी सारब्र्युकेन येथें आहे, पण स्वतःचीं व्याख्यानगृहें त्याला नाहींत. त्याच्या पैशावर मी पॅरिसच्या पूर्वेकडील स्थानकावरून ऱ्हाईन ओलांडून कितीदां गेलें-आलें याची गणती ठेवली नाहीं. १६ मार्च १९२० नव्हे, २०२० रोजीं ती सीमाच बंद होऊं लागली, आणि जून उजाडेपर्यंत मी नदीच्या पश्चिमेस एका खोलींत, माझीं पुस्तकें पूर्वेस एका कपाटांत, असा संसार झाला. सालाचा हा घोटाळा मुद्दामच राहूं दिला आहे. शंभर वर्षांपूर्वींच्या बोटींच्या प्रवासाची आठवण मला त्या दिवसांत फार होई.

परंतु खरा पेंच कागदांत नव्हता. जर्मनींत प्रबंधाच्या मार्गदर्शकास ‘डोक्टोरफाटर’, म्हणजे डॉक्टर-पिता, म्हणतात. बाई असल्यास ‘डोक्टोरमुटर’. हा पिताच बहुधा पहिला परीक्षकही असतो; तोच लेखी अभिप्राय देतो आणि श्रेणी सुचवितो. ज्यानें चार-पांच वर्षें काम पाहिलें त्याच्याइतका त्या कामाचा जाणता दुसरा कोण, हा त्यामागचा विचार. फ्रान्समध्यें २०१६ च्या नियमांनीं नेमकें उलट ठरविलें: मार्गदर्शक परीक्षकांच्या मंडळांत बसूं शकतो, पण निर्णयांत त्याला भाग नाहीं. परीक्षेपूर्वीं अभिप्राय लिहावयाचा तो बाहेरच्या विद्वानांनीं. बापानें मुलीच्या परीक्षेचे गुण देऊं नयेत, हा तेथला विचार. मला दोन्ही पक्ष पटतात, आणि म्हणूनच एकाची बाजू घेऊन सुटका होत नाहीं. आपल्या इरावतीबाई कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं मानवी कवट्यांवर काम करीत होत्या. कवटीची असमता आणि वंश यांचा संबंध निघावा अशी गुरूची अपेक्षा. बाईंनीं मोजमापें घेतलीं आणि तसा संबंध निघत नाहीं असें लिहिलें. १९३० मध्यें त्यांना पदवी मिळाली. गुरूच न्यायाधीश असतां असें लिहावयाला किती धैर्य लागत असेल, याचा विचार मी जर्मन ग्रंथालयांत बसून पुष्कळदां केला आहे. माझे दोन्ही गुरू सज्जन होते. तेवढ्या धैर्याची गरज मला पडली नाहीं.

त्यांचा मतभेद झाला तो मात्र अशा जागीं झाला कीं तेथें मी मध्यस्थ नव्हतें, पक्षकार होतें. प्रश्न होता गाणाऱ्या बायकांच्या नांवांचा. मी पुरंदर आणि मावळ या भागांत हिंडून, आधींच्या संग्रहांत न आलेल्या ओव्या टिपून घेतल्या होत्या. जर्मन गुरूंचें म्हणणें, हीं नांवें प्रबंधांत येतां कामा नयेत. ‘गायिका क्रमांक अमुक’ एवढेंच छापावें. युरोपांत २०१८ पासून व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा लागू आहे त्याचा आधार त्यांस होताच, पण केवळ कायद्याचा धाक नव्हता. खेड्यांतल्या म्हातारीनें जात्यावर सासूबद्दल जें म्हटलें तें तिच्या नांवासकट जगापुढें ठेवण्याचा अधिकार तुला कोणी दिला, असें त्यांनीं विचारलें. पॅरिसच्या बाईंचें म्हणणें याच्या विरुद्ध. ओवी ही रचना आहे, आणि रचनेवर कर्त्याचें नांव असणें हा त्याचा हक्क आहे; फ्रेंच कायदा तर तो हक्क कर्त्याच्या मरणानंतरही टिकवितो. तुमच्या देशांत प्रत्येक कवीचें नांव छापतां, आणि या बायकांना क्रमांक देतां? कैदी आहेत का त्या? बाईंचा प्रश्न मला झोंबला, कारण तो माझाच होता. जात्यावरची ओवी ‘लोकांची’ म्हणून सांगतांना आपल्याकडच्या संग्रहांनींही नांवें पुष्कळदां गाळलीं आहेत. पुरुषांचे अभंग मात्र शेवटच्या चरणांत नाममुद्रा घेऊन उभे आहेत.

करारनामा काढून पाहिला. त्यांत दोन विद्यापीठें होतीं, दोन मार्गदर्शक होते, वाद झाल्यास तो मिटविण्याचें कलमही होतें. पण ज्या तिसऱ्या ठिकाणाहून प्रबंधाचा सगळा माल आला होता त्याचा उल्लेख कोठें नव्हता. मीं दोघांची परवानगी घेऊन दोन महिन्यांसाठीं पुणें गांठलें आणि एकेकीच्या घरीं जाऊन विचारलें. दोघींखेरीज सर्वांनीं नांव घालावयास सांगितलें; कित्येकींनीं माहेरचें आडनांवही घालण्याचा आग्रह धरला. ज्या दोघी नको म्हणाल्या त्यांपैकीं एक आजी ऐंशीच्या घरांतल्या. मीं दोन देशांची आणि दोन गुरूंची हकीकत सांगितली तेव्हां त्या दळण निवडतां निवडतां म्हणाल्या, “म्हंजी तुला दोन सासरं आन् म्हायेर येकच म्हन की!” आणि थोड्या वेळानें, आवाज उतरवून, “माजं नाव नगं घालूंस, पोरी. ती भावावरची ओवी हाय न्हवं? भाऊ गेला, पन त्याची पोरं हायेत. त्यास्नी का दुकवायचं?” जर्मन गुरूंची भीति निराधार नव्हती हें त्या दिवशीं समजलें, आणि बाईंची चीडही. प्रबंधांत प्रत्येक ओवीखालीं कर्तीचें नांव आहे. दोन ठिकाणीं कोरी जागा आहे, व ती कां कोरी आहे हें तळटीपेंत लिहिलें आहे. हा तोडगा दोघांनींही मान्य केला. दोघांनाही तो पूर्णपणें आवडला नाहीं.

भाषेचा प्रश्न याहून सोपा वाटला होता. प्रबंध फ्रेंचमध्यें, सारांश जर्मनमध्यें, असें ठरलेलेंच होतें. परंतु ओव्या पदोपदीं ‘माहेर’ म्हणतात, आणि हा शब्द दोन्ही भाषांत नाहीं. जर्मनांचें ‘एल्टर्नहाउस’ म्हणजे आईबापांचें घर. तें मुलाचेंही असूं शकतें. फ्रेंचांत ‘जन्मघर’ अशा अर्थाची जोडाजोड करावी लागते. लग्न झाल्यावरच जें घर माहेर होतें, आणि ज्याच्या आठवणीचा एक अखंड कोश बायकांनीं जात्यावर रचून ठेवला आहे, तें या शब्दांत मावत नाहीं. शेवटीं मीं ‘माहेर’ तसेंच ठेवलें आणि त्यावर नऊ पानें खर्ची घातलीं. पॅरिसच्या बाईंना तीं नऊ पानें प्रबंधाचा कणा वाटलीं, जर्मन गुरूंनीं समासांत लिहिलें, “हें परिशिष्टांत घालावें.” तीं जागच्या जागीं राहिलीं.

मौखिक परीक्षा २०२३ च्या वसंतांत पॅरिसला झाली. दोन्ही देशांचे परीक्षक समसमान, प्रश्न दोन भाषांत, वेळ जवळजवळ तीन तास. मग निर्णयासाठीं मला बाहेर जावयास सांगितलें. आणि फ्रेंच नियमाप्रमाणें माझे दोन्ही गुरूही बाहेर आले. बोळांत आम्ही तिघें उभीं. इतक्या वर्षांत ते दोघे माझ्याविषयीं कांहींच न बोलतां एकत्र उभे राहिल्याचा हा पहिलाच प्रसंग. बाईंनीं पिशवींतून संत्रीं काढून वांटलीं. कांहीं वेळानें दार उघडलें, आणि आतां जर्मन नियमाप्रमाणें श्रेणी ठरवावयाची असल्यामुळें त्या दोघांना आंत बोलावलें. मी एकटी बाहेर राहिलें. फ्रान्समधील अनेक विद्यापीठांनीं आतां श्रेणी देणें सोडलें आहे, जर्मनींत ती लॅटिन शब्दांत दिल्यावांचून पदवी पुरी होत नाहीं. निकाल सांगून झाल्यावर मला उभें राहून शपथ घ्यावी लागली. विद्येच्या व्यवहारांत सचोटीनें वागेन अशी ही शपथ फ्रान्समध्यें २०२३ पासूनच नव्या डॉक्टरांना घ्यावी लागते. जर्मन गुरू कौतुकानें ऐकत होते. नंतर म्हणाले, “आमच्याकडे शपथ नाहीं, पण पुस्तक छापल्यावांचून सुटकाही नाहीं.”

त्याचा अर्थ लौकरच कळला. जर्मनींत प्रबंध प्रसिद्ध करण्याचें बंधन असतें. तो प्रसिद्ध होऊन पदवीपत्र हातीं पडेपर्यंत नांवामागें ‘डॉक्टर’ लावतां येत नाहीं, आणि तेथें हा शब्द ओळखपत्रावर व दारावरच्या पाटीवरही चढत असल्यामुळें ही गोष्ट हलक्यानें घेत नाहींत. म्हणून ऱ्हाईनच्या पश्चिमेस मी डॉक्टर होतें आणि पूर्वेस नव्हतें, अशी स्थिति वर्षाहून अधिक काळ राहिली. घरीं पत्र लिहितांना वडील विचारीत, “पाकिटावर काय घालूं?” मी सांगत असें, “तिकीट कोणत्या देशाचें आहे तें पाहा.”

ज्यांच्या घरीं कोणी मुलगा वा मुलगी या वाटेनें जाऊं पाहात असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. आतां त्यासाठीं दोन्ही देश परकेच असावे लागतात असें नाहीं. मुंबईस पवईच्या आय. आय. टी.नें ऑस्ट्रेलियांतील मोनॅश विद्यापीठाबरोबर २००८ पासून अशा संयुक्त पदवीची सोय केली आहे. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनीं आपल्या व परदेशांतील संस्थांना मिळून डॉक्टरची पदवी देण्याचा मार्ग घालून दिला आहे. दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक, दोन्हीकडे किमान एकेक सहामाही वास्तव्य, आणि प्रबंध एकच, अशा त्यांतल्या अटी आहेत. मला कोणी विचारलें तर मी एवढेंच विचारीन, कीं तुमच्या प्रश्नाला दोन दारें खरोखर आहेत का? नसतील तर एकाच विद्यापीठाची पदवी घेऊन दुसरीकडे सहा महिने पाहुणे म्हणून राहावें. खर्च कमी आणि झोंप जास्त. दोन मोहोरांमुळें नोकरी लौकर मिळते असा अनुभव मला तरी आलेला नाहीं. येथल्या एका कचेरींत अर्जावर ‘विद्यापीठाचें नांव’ यासमोर एकच ओळ होती. मीं दोन्ही नांवें लिहिलीं, तर कारकुनानें दुसरें खोडून वर माझी सही घेतली.

झ्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्यें बाहेर आला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं तो मराठींत आणला १९४१ मध्यें. आपल्याच भाषेविषयीं पॅरिसला काय लिहिलें गेलें हें कळावयाला आपल्याला एकवीस वर्षें थांबावें लागलें. माझा प्रबंध त्या योग्यतेचा नाहीं, तेव्हां परांजप्यांची वाट न पाहातां मराठी प्रत मीच करीत आहें. काम विचित्र आहे. ‘माहेर’ या शब्दावरचीं नऊ पानें मराठींत दोन ओळींवर आलीं, कारण समजावून सांगण्यासारखें तेथें कांहीं उरलेंच नाहीं. उलट तिसरें प्रकरण, जें फ्रेंचमध्यें सर्वांत सुबक उतरलें होतें, तें आतां दुप्पट झालें आहे. तेथें मीं ज्या गोष्टी सहज गृहीत धरल्या होत्या त्या पुरंदरच्या बायकांपुढें वाचावयाच्या म्हटल्यावर एकेक तपासून घ्याव्या लागतात. आजींची नात बारावींत आहे. ती त्यांना वाचून दाखविते. मागच्या खेपेस चौथें प्रकरण झालें. भावावरच्या ओवीखालची कोरी जागा आली तेव्हां नातीनें विचारलें, “इथं कुणाचं नाव राहिलंय?” आजी म्हणाल्या, “म्होरं वाच.”